विमेदारांचा पैसा, शेठजींचा सट्टा

एका उद्योगपतीच्या फौजदारी खटल्याने देशातील विमा व्यवसायाचे चित्रच पालटून टाकले. रामकृष्ण दालमिया यांचा उदय, त्यांचा कबुलीजबाब आणि 'पैसे परत केले तर गुन्हा कसला?' या प्रश्नाला न्यायालयाने दिलेले उत्तर यांचा हा आढावा.

आर्थिक घोटाळ्याची बातमी आली की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. 'रक्कम तर भरून दिली ना, मग तुरुंगवास कशासाठी?' बँकेतील अपहार असो, पतसंस्थेतील असो वा एखाद्या बड्या कंपनीतील. संबंधितांचे वकील आणि हितचिंतक हा मुद्दा पुढे करतातच. सर्वसामान्य ठेवीदारालाही तो क्षणभर पटतो. आपली रक्कम हाती आली की त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटलेला असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो मिटत नाही. असे का, हे ज्या खटल्यातून स्पष्ट झाले, त्याचे नाव आहे 'आर. के. दालमिया विरुद्ध दिल्ली प्रशासन'. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल १९६२ रोजी दिलेला हा निकाल कंपनी संचालकांच्या जबाबदारीसंदर्भात आजही आधारभूत मानला जातो.

चिडावा ते दालमियानगर

रामकृष्ण दालमिया यांचा जन्म १८९३मध्ये राजस्थानातील शेखावाटी भागातल्या चिडावा या गावी झाला. मारवाडी समाजातील असंख्य तरुणांप्रमाणे त्यांचेही नशीब कोलकात्यातच आकाराला आले. प्रारंभीचा काळ हलाखीचा होता. चांदीच्या सट्ट्याने त्यांना हात दिला आणि हाती आलेल्या पैशांतून ते उद्योगाकडे वळले. बिहारमध्ये सोन नदीकाठी डेहरी येथे साखर, सिमेंट, कागद आदी कारखाने उभे राहिले आणि त्या वसाहतीला दालमियानगर असे नाव पडले.

तिसाव्या आणि चाळिसाव्या दशकांत हा समूह झपाट्याने विस्तारला. सिमेंटच्या व्यवसायात त्यांनी मुंबईतील 'असोसिएटेड सिमेंट कंपनीज'शी, म्हणजेच एसीसीशी, थेट स्पर्धा केली. बँक, विमा, विमानवाहतूक आणि वृत्तपत्रे अशी क्षेत्रे त्यांनी एकामागून एक पादाक्रांत केली. 'टाइम्स ऑफ इंडिया'ची मालकी असलेली बेनेट कोलमन ही मुंबईची कंपनी ब्रिटिश मालकांकडून त्यांनी १९४६च्या सुमारास ताब्यात घेतली. देशातील उद्योगसमूहांची नावे घेताना टाटा आणि बिर्ला यांच्या पाठोपाठ दालमियांचे नाव घेतले जाऊ लागले. या विस्तारात धाकटे बंधू जयदयाल आणि जावई शांतिप्रसाद जैन यांचा मोठा वाटा होता. १९४८मध्ये तिघांमध्ये व्यवसायाची वाटणी झाली.

रामकृष्ण यांचे व्यक्तिमत्त्व परस्परविरोधी गुणांचे मिश्रण होते. ते गोहत्याबंदीचे कट्टर पुरस्कर्ते होते. तथापि महंमद अली जीना यांच्याशी त्यांचा स्नेह होता आणि फाळणीच्या वेळी जीनांचे दिल्लीतील औरंगजेब रस्त्यावरील निवासस्थान त्यांनीच विकत घेतले. पंडित नेहरूंच्या धोरणांवर ते उघडपणे टीका करीत. त्यांनी सहा विवाह केले. त्यांच्या पत्नींपैकी दिनेशनंदिनी दालमिया या हिंदीतील नामवंत लेखिका होत्या. कन्या नीलिमा दालमिया आधार यांनी २००३मध्ये 'फादर डिअरेस्ट' हे वडिलांचे चरित्र लिहिले आणि या घराचे अंतरंग वाचकांसमोर आले.

कारखानदार झाल्यानंतरही सट्ट्याचा नाद मात्र त्यांना सुटला नाही. पुढील सारे त्यातूनच घडले.

पैसा कसा फिरला?

या प्रकरणाच्या केंद्रस्थानी होती 'भारत इन्शुरन्स कंपनी'. १८९६मध्ये लाहोरात स्थापन झालेली ही विमा कंपनी स्वदेशीच्या भावनेतून उभी राहिली होती. १९३६मध्ये ती दालमियांच्या ताब्यात आली. प्रकरण घडले तेव्हा रामकृष्ण दालमिया तिचे अध्यक्ष व मुख्य अधिकारी होते.

दुसरी संस्था होती 'भारत युनियन एजन्सीज'. ही दालमियांच्या प्रभावाखालील कंपनी शेअर बाजारात वायदा व्यवहार करीत असे. या व्यवहारांत तिला प्रचंड तोटा झाला. बाजारात देणे थकले तर पत जाते. तेव्हा रोख रक्कम तातडीने हवी होती आणि ती विमा कंपनीच्या तिजोरीत होती.

विमा कंपनीचा पैसा उघडपणे सट्ट्यात घालणे शक्य नव्हते. १९३८च्या विमा कायद्यानुसार कंपनीला आपल्या निधीचा मोठा भाग सरकारी व मान्यताप्राप्त रोख्यांत गुंतवणे बंधनकारक होते. त्यामुळे जी वाट निवडली गेली तीही सरकारी रोख्यांच्या नावानेच. विमा कंपनीची मुख्य कचेरी दिल्लीत होती. तिचे एक बँक खाते मुंबईत होते आणि ते एकट्याच्या सहीने चालवण्याचा अधिकार दालमियांचे मुंबईतील विश्वासू सहकारी चोखानी यांना देण्यात आला होता. दिल्लीहून पैसे मुंबईच्या खात्यात येत. तेथून ते रोखे खरेदीच्या नावाखाली एका दलाली पेढीला दिले जात. ही पेढी चोखानी यांच्या पुतण्याच्या नावावर होती. पेढीकडून पैसे भारत युनियन एजन्सीजकडे पोहोचत आणि तेथून शेअर बाजारातील देणी चुकवली जात.

विमा कंपनीच्या वह्यांत मात्र रोखे खरेदी केल्याची नोंद होई. कागदावर सरकारी रोखे होते. प्रत्यक्षात कपाट रिकामे होते. ऑगस्ट १९५४ ते सप्टेंबर १९५५ या काळात हा खेळ चालला. गेलेली रक्कम होती सुमारे २ कोटी २० लाख रुपये. एलआयसीची स्थापना १९५६मध्ये झाली तेव्हा सरकारने तिला दिलेले भांडवल ५ कोटी रुपये होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या रकमेचे त्या काळचे मोल उमगते.

कबुलीजबाब

सप्टेंबर १९५५मध्ये सरकारने रोखे प्रत्यक्ष दाखवण्यास सांगितले आणि सारे उघडे पडले. विमा कायद्यान्वये कंपनीच्या चौकशीसाठी सनदी लेखापाल नेमण्यात आले होते. त्यांच्यापुढे २० सप्टेंबर १९५५ रोजी दालमियांनी लेखी निवेदन दिले. आपण विमा कंपनीच्या रोख्यांचा अपहार केला, ती रक्कम सट्ट्यात गमावली आणि विमेदारांच्या हितासाठी ती कोणत्याही परिस्थितीत, प्रसंगी नातेवाइकांकडून घेऊन, भरून देऊ. असा त्याचा आशय होता.

त्यानुसार जावई शांतिप्रसाद जैन यांच्या साहाय्याने रकमेच्या भरपाईची व्यवस्था झाली. म्हणजे एका अर्थाने विमेदारांचे पैसे सुरक्षित झाले. परंतु सरकारने प्रकरण तेथे थांबवले नाही. १९५५च्या अखेरीस दालमिया यांना अटक झाली आणि फौजदारी खटला उभा राहिला.

लोकसभेतील भाषण आणि देशमुखांचा निर्णय

खटला सुरू होण्यापूर्वीच या प्रकरणाचे पडसाद संसदेत उमटले. मुंबईत जन्मलेले आणि रायबरेलीतून निवडून आलेले काँग्रेसचे खासदार फिरोज गांधी यांनी ६ डिसेंबर १९५५ रोजी विमा दुरुस्ती विधेयकावर दीर्घ भाषण केले. पहिल्या लोकसभेत तोवर बहुतांशी मौन पाळणाऱ्या या खासदाराने दालमिया समूहाच्या विमा कंपनीतील निधी कसा वळवला गेला, याचा आकडेवारीनिशी पाढा वाचला. सत्ताधारी बाकांवरूनच झालेला हा हल्ला सरकारला दुर्लक्षिता येणारा नव्हता.

तेव्हा अर्थमंत्रिपदी होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर राहिलेले देशमुख हे आर्थिक शिस्तीचे आग्रही होते. विमा व्यवसायाच्या राष्ट्रीयीकरणाची तयारी अत्यंत गुप्तपणे करण्यात आली. आधी कुणकुण लागली असती, तर कंपन्यांनी निधी हलवला असता आणि कागदपत्रे गहाळ झाली असती, ही भीती होती. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि देशमुखांनी आकाशवाणीवरून हा निर्णय देशाला सांगितला. आयुर्विमा कंपन्यांचा कारभार लगोलग सरकारच्या ताब्यात गेला.

केवळ एका कंपनीतील अपहारामुळे एवढे मोठे पाऊल उचलले गेले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. आधीच्या दहा वर्षांत २५ विमा कंपन्या दिवाळखोरीत गेल्या होत्या आणि आणखी २५ कंपन्यांचा व्यवसाय विमेदारांचे नुकसान सोसून दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवावा लागला होता. दालमिया प्रकरणाने या रोगाचे सर्वांत ठळक उदाहरण देशापुढे ठेवले.

त्यानंतर संसदेने कायदा केला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ, अर्थात एलआयसी, अस्तित्वात आले. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था अशा २४५ संस्था त्यात विलीन झाल्या. महामंडळाचे मुख्यालय मुंबईत झाले. कायद्याच्या कलम ३७ने महामंडळाच्या विमापत्रांना केंद्र सरकारची हमी दिली. ज्यांनी हा निर्णय घेतला ते देशमुख मात्र महामंडळ स्थापन होण्यापूर्वीच, जुलै १९५६मध्ये, मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या धोरणाच्या निषेधार्थ मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

'पैसे परत केले, मग गुन्हा कसा?'

फौजदारी खटला दिल्लीच्या सत्र न्यायालयातून पंजाब उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. दालमियांच्या बाजूने नामांकित वकिलांची फौज उभी होती. बचावाचे मुद्दे आजच्या वाचकालाही ओळखीचे वाटतील.

पहिला मुद्दा होता मालमत्तेच्या व्याख्येचा. बँकेच्या खात्यातील शिल्लक म्हणजे हातात धरता येणारी वस्तू नव्हे. मग तिचा न्यासभंग कसा होईल, असा हा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. दंड संहितेच्या कलम ४०५मधील 'मालमत्ता' हा शब्द व्यापक अर्थाने वापरलेला आहे आणि कंपनीचा बँकेतील निधी ही तिची मालमत्ताच होय, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

दुसरा मुद्दा होता पदाचा. कलम ४०९ हे लोकसेवक, बँकर, व्यापारी, दलाल, मुखत्यार वा अभिकर्ता यांनी केलेल्या न्यासभंगासाठी आहे. कंपनीचा अध्यक्ष यात कुठे बसतो? न्यायालयाने सांगितले, की कंपनीचा निधी ज्याच्या ताब्यात सोपवलेला आहे, तो अध्यक्ष किंवा संचालक कंपनीचा अभिकर्ताच असतो. या एका वाक्याच्या आधाराने पुढे अनेक संचालकांवरील खटले उभे राहिले.

तिसरा मुद्दा होता माहितीचा. जे काही केले ते मुंबईतील सहकाऱ्याने, अध्यक्षांना त्याची कल्पना नव्हती, हा तो बचाव. न्यायालयाने परिस्थितिजन्य पुरावा पाहिला. खाते एकट्याच्या सहीने चालवण्याची मुभा, तोट्यात असलेल्या कंपनीशी असलेले हितसंबंध आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चौकशीतील लेखी निवेदन. ते निवेदन दबावाखाली वा इतरांना वाचवण्यासाठी दिले होते, हे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही. निवेदन दिले तेव्हा दालमिया आरोपी नव्हते, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले.

मग उरतो परतफेडीचा प्रश्न. न्यासभंगाचा गुन्हा घडतो तो विश्वासाने सोपवलेली मालमत्ता अप्रामाणिकपणे अन्यत्र वापरली त्या क्षणी. दंड संहितेतील अपहाराच्या कलमाखालील स्पष्टीकरण तर असे सांगते, की अप्रामाणिक अपहार तात्पुरता असला तरी तो अपहारच होय. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेले दागिने गहाण टाकून कुणी जुगार खेळला आणि नंतर ते सोडवून परत दिले, तर शेजाऱ्याचे नुकसान टळेल. परंतु मधल्या काळात दागिन्यांवरचा धोका शेजाऱ्याने, त्याच्या नकळत, पत्करलेला असतो. सट्टा जिंकला असता तर नफा दालमियांचा होता आणि हरला तर तोटा विमेदारांचा. कायदा बोट ठेवतो ते नेमके यावर. परतफेडीने शिक्षा सौम्य होऊ शकते. गुन्हा पुसला जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली. दालमियांना दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. स्वतंत्र भारतात तुरुंगाची पायरी चढावी लागलेल्या पहिल्या बड्या उद्योगपतींमध्ये त्यांची गणना होते.

आणखी एक खटला, आणखी एक चौकशी

दालमियांच्या नावाने आणखी एक निकाल विधी महाविद्यालयांत आजही शिकवला जातो. केंद्र सरकारने ११ डिसेंबर १९५६ रोजी दालमिया-जैन समूहातील कंपन्यांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. आर. तेंडोलकर. चौकशीच्या यादीत मुंबईतील शापूरजी भरूचा मिल आणि माधवजी धरमसी मिल यांचाही समावेश होता. आपल्याच समूहाला वेगळे काढून चौकशी करणे हा समतेच्या हक्काचा भंग आहे, असे सांगत दालमियांनी मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

२८ मार्च १९५८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद १४चा अर्थ सविस्तर मांडला. वर्गीकरणाला सुसंगत आधार असेल आणि त्याचा कायद्याच्या उद्देशाशी संबंध असेल, तर एकाच व्यक्तीचा वा समूहाचाही वेगळा विचार करता येतो, असे न्यायालय म्हणाले. मात्र झालेल्या कृत्यांबद्दल शिक्षा सुचवण्याचा जो अधिकार आयोगाला दिला होता, तो न्यायालयाने काढून घेतला. चौकशी आयोगाने सत्य शोधावे, शिक्षेचा विचार करू नये, ही सीमारेषा तेव्हापासून पक्की झाली.

आयोगाचे काम पुढे न्या. विवियन बोस यांच्याकडे आले. त्यांचा अहवाल १९६३च्या प्रारंभी प्रसिद्ध झाला. भागधारकांचा पैसा समूहातील कंपन्यांमधून कसा फिरवला जातो, याचे त्यातील वर्णन वाचून देश हादरला. त्याच वर्षी कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन गैरव्यवहारात गुंतलेल्या व्यवस्थापकांना पदावरून दूर करण्याची तरतूद झाली.

राष्ट्रीयीकरणाने प्रश्न सुटला?

या प्रश्नाचे उत्तर फार लवकर मिळाले. महामंडळ स्थापन होऊन जेमतेम वर्ष होते न होते तोच त्याने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे शेअर खरेदी केल्याचे उघड झाले. लोकसभेत आवाज उठवणारे पुन्हा फिरोज गांधीच होते. न्या. एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. पहिल्या प्रकरणात मालकाने विमेदारांचा पैसा वापरला, दुसऱ्यात सरकारी यंत्रणेने. मालकी बदलली तरी देखरेख नसेल तर पैसा असुरक्षितच राहतो, हा धडा त्यातून मिळाला.

१९९९च्या कायद्याने विमा नियामक व विकास प्राधिकरणाला वैधानिक दर्जा मिळाला आणि खासगी कंपन्यांना पुन्हा दारे उघडली. मे २०२२मध्ये एलआयसीचे शेअर बाजारात आले. आज विमा कंपनीने कुठे आणि किती गुंतवणूक करावी, प्रवर्तकांच्या समूहात किती रक्कम ठेवता येईल, यावर नियामकाच्या मर्यादा आहेत. सरकारी रोखे कागदी न राहता संगणकीय नोंदीत आल्यामुळे रिकामे कपाट भरलेले दाखवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

तरीही पद्धत तीच राहते, फक्त साधने बदलतात. ७ जानेवारी २००९ रोजी 'सत्यम'च्या अध्यक्षांनी लेखी कबुली दिली, तेव्हा ताळेबंदात दाखवलेली बँकेतील शिल्लक प्रत्यक्षात नव्हती. सप्टेंबर २०१९मध्ये मुंबईतील पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा एका बांधकाम समूहाला दिलेले अवाढव्य कर्ज लपवल्याचा आरोप पुढे आला आणि हजारो ठेवीदार स्वतःच्याच पैशांसाठी रस्त्यावर उतरले. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता : वहीत लिहिलेली मालमत्ता खरोखर अस्तित्वात आहे का, हे कुणी स्वतः जाऊन पाहिले होते का?

दालमियांचे निधन १९७८मध्ये झाले. त्यांची कन्या रमा जैन आणि जावई शांतिप्रसाद जैन यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या भारतीय ज्ञानपीठाचा पुरस्कार पुढे वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे या मराठी साहित्यिकांना मिळाला. एकाच घराण्याच्या नावे देशातील सर्वोच्च साहित्य सन्मानही आहे आणि न्यासभंगाचा सर्वाधिक उद्धृत होणाऱ्यांपैकी एक निकालही.

१ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुने कलम ४०९ आता कलम ३१६च्या पाचव्या उपकलमात आहे. शब्द जवळपास तेच आहेत आणि कमाल शिक्षा आजही जन्मठेपेचीच आहे. त्यामुळे यापुढे एखाद्या घोटाळ्यात 'पैसे तर परत केले' असे कानावर पडेल, तेव्हा विचारायला हवे ते इतकेच, की ते पैसे मुळात कोणाच्या परवानगीने उचलले होते.